भाऊजींची रोजची साखर

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्रेचाळीस माणसं आहेत. एका रविवारी मी मोजलं होतं, दिवसभरात एकशे अठरा मेसेज आले. त्यांतले सदुसष्ट सुप्रभात आणि वाढदिवसाचे. उरलेल्या एक्कावन्नांत मोबाइल टॉवरमुळे चिमण्या गेल्या, नव्या कायद्याने ग्रुप अॅडमिनला अटक होऊ शकते, फोन बंद असला तरी आपलं बोलणं ऐकतो, आणि बाकी सगळे औषधोपचार. गुडघ्यावर, मुतखड्यावर, डोळ्यांच्या नंबरवर.

बायको म्हणते, सोडून द्या ना तो ग्रुप. पण सोडला की सगळ्यांना तसं दिसतं, आणि मग "काहून रे, काय झालं?" असे फोन येतात. त्यापेक्षा वाचणं सोपं.

मी अमरावतीच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक आहे. सव्वीस वर्षं मुलांना तापमापक, स्टॉपवॉच, लोलक देतो आणि परत मोजून घेतो. ग्रुपवर काही खोटं दिसलं की मी लिहीत असे. आधी सविस्तर, मग थोडक्यात, मग फक्त "हे कुठून आलं?" एवढंच. त्याचंही उत्तर कोणी देत नसे.

भाऊजींचा मेसेज आला तो मार्चमध्ये. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान, अकोल्याला राहतात. एसटीत ड्रायव्हर होते. सेमाडोहच्या घाटात कितीतरी वर्षं गाडी चालवली आणि एकदाही कुठे घासली नाही, हे त्यांनी स्वतः सांगायची गरज पडत नाही, आमच्याकडचे सगळेच सांगतात. बारा वर्षांपासून त्यांना साखर आहे. त्यांनी लिहिलं होतं की एका व्हिडिओत सांगितलेला पानांचा काढा ते घेत आहेत आणि महिन्यापासून गोळी बंद आहे. "शरीर हलकं वाटून राहिलं. ज्याले पाहिजे त्यानं पानं घेऊन जा."

खाली हात जोडलेले, अंगठे, फुलं. दर्यापूरच्या काकूने विचारलं, "जवाईबापू, मले चालीन का हो?"

काकूलाही साखर आहे. म्हणून मी लिहिलं. गोळी अशी एकदम बंद करणं धोक्याचं आहे, डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोणी करू नये.

मग दोन दिवस तेच. एक चुलतभाऊ तहसीलसमोर बसून लोकांचे अर्ज लिहून देतो. त्याने लिहिलं की देशी औषधाच्या विरोधात बोलणं आता गुन्हा आहे, नवा कायदा आला. मी विचारलं, कलम कोणतं? त्याने काळा कोट घातलेल्या माणसाचा फोटो पाठवला, खाली मोठ्या अक्षरांत तेच वाक्य. पुण्यात कंप्युटरची नोकरी करणाऱ्या भाच्याने फोनमधल्या त्या उत्तरं देणाऱ्या यंत्राला विचारलं, काढ्याने साखर कमी होते का? यंत्र म्हणालं, काही जणांना उपयोग होऊ शकतो. मी त्याच यंत्राला विचारलं, काढा घेऊन गोळी बंद करावी का? ते म्हणालं, करू नये. आम्ही दोघांनी आपापली उत्तरं ग्रुपवर टाकली. आम्ही दोघंही जिंकलो.

शेवटी मी लिहिलं, "भाऊजी, वादाचा उपयोग नाही. तुमच्याकडे मशीन आहे. रोज सकाळचा अनशापोटीचा आकडा ग्रुपवर टाका. पंधरा दिवसांत सगळ्यांना कळेल."

"टाकतो ना. घाबरतो काय कोनाले?"

मला वाटलं, झालं. आता आकडेच बोलतील.

संध्याकाळी ताईचा फोन आला.

"काहून लिहिलं बाप्पा तू तसं?"

"खोटं काय लिहिलं त्यात?"

"खोटं-खरं नाई म्हणत मी. जवाई मानूस आहे तो तुमच्या घरचा. त्रेचाळीस जनासमोर परीक्षा घेतं काय त्याची?"

एकतीस वर्षांत आमच्या घरातलं कोणी भाऊजींना तोंडावर "तुमचं चुकतं" असं म्हणालेलं नव्हतं. जावई चुकत नाही, निदान सासुरवाडीत तरी नाही. वडील होते तेव्हा भाऊजींनी रेडिओ दुरुस्त करताना बिघडवला, तर वडील म्हणाले होते की तो जुनाच झाला होता. हे मला माहीत होतं. पण फोनवर लिहिताना समोर माणूस दिसत नाही, फक्त चुकीचं वाक्य दिसतं.

"मशीन कुठे आहे?" मी विचारलं.

"त्याईच्या कपाटात. मले हात नाई लावू देत. आंदी मी पाय पाहत होती रोज त्याईचे, साखरेत जखम झाली तं कळत नाई असं डॉक्टरनं सांगतलं म्हनून. आता तेबी नाई."

दुसऱ्या दिवसापासून आकडे सुरू झाले. घराण्यात सगळ्यांना ठाऊक असलेल्या सवयीने मी ते एका वहीत उतरवून घेऊ लागलो. १६८. १६१. १७२. मग १५८, १५५, १५१, १४८. रोज खाली हात जोडलेले. सातव्या दिवशी काकूने लिहिलं की तिनेही काढा सुरू केला, पानं जीपवाल्याच्या हाती आली. मी काही लिहिलं नाही. माझ्याच अटीप्रमाणे पंधरा दिवस व्हायचे होते.

बाराव्या दिवशी काकूकडेच, दर्यापूरला, नव्या घराची वास्तुशांत होती. पंगतीत भाऊजी माझ्यासमोर दोन पानं सोडून बसले होते. वाढणाऱ्याने जावई म्हणून आग्रह केला आणि त्यांनी दोनदा बुंदी घेतली, वर श्रीखंड. माझ्याकडे पाहून म्हणाले, "लिहून घे तुह्या वहीत." आजूबाजूचे हसले. मीही हसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आकडा आला, १२८.

त्या दिवशी प्रयोगशाळेत मुलांची जर्नल तपासायला आली होती. घरी बसून लिहिलेली रीडिंग ओळखायला मला फार वेळ लागत नाही. खरी रीडिंग वेडीवाकडी असतात. मध्येच एक वर जातं, एक उगाच दोनदा येतं. घरी बनवलेली शहाण्यासारखी पायऱ्या उतरतात. जेवणाच्या सुटीत मी माझी वही काढली. पहिले तीन आकडे वेडेवाकडे होते. चौथ्यापासून पुढे तीन, चार, तीन, चार, तीन. दहा दिवसांत एकदाही वर नाही. बुंदीनंतरसुद्धा नाही.

मी फोनवर सहा ओळींचा मेसेज लिहिला. तारीखवार आकडे, त्यांतली वजाबाकी, वास्तुशांतीचा दिवस. कोणाला खोडता येणार नाही असा. पाठवला नाही. पाठवला तर भाऊजी पुन्हा आमच्या दारात आले नसते आणि गोळीही घेतली नसती, हट्टाने. न पाठवला तर दर्यापूरला काकू काढा पीत राहणार. मी रोज तो मेसेज उघडायचो, एखादा शब्द सौम्य करायचो आणि तसाच ठेवायचो. ताईला फोन करून सांगता आलं असतं. तेही केलं नाही, कारण मग ते ताई आणि भाऊजींच्या मध्ये आलं असतं. असे नऊ दिवस गेले, त्यांतच ठरलेले पंधराही होऊन गेले. ते नऊ दिवस मी नंतर अनेकदा मोजले आहेत. एकही कमी होत नाही.

दहाव्या दिवशी, रविवारी, सकाळच्या एसटीने अकोल्याला गेलो. कोणाला कळवलं नव्हतं. मूर्तिजापूरजवळ ग्रुपवर त्या दिवसाचा आकडा आला, १०१.

ताईने दार उघडलं. भाऊजी पुढच्या खोलीत कूलरसमोर खुर्चीवर बसले होते. एप्रिल लागला होता, बाहेर झळा सुरू झाल्या होत्या, आणि त्यांनी पायांत मोजे घातले होते.

रीतीप्रमाणे मी वाकलो. त्यांनी उजवा पाय मागे ओढला.

एकतीस वर्षांत त्यांनी कधी पाय मागे घेतला नव्हता. उलट आमच्यापैकी कोणी विसरलं तर आठवण करून देत. मी वाकलेलाच राहिलो. मोज्याच्या टोकाला पिवळट डाग होता, वाळून कडक झालेला.

"दाखवा, भाऊजी."

"काही नाई रे ते. नवी चप्पल लागली. दुखतबी नाई."

"दुखत नाही म्हणूनच दाखवा."

ताई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. भाऊजींनी मग स्वतःच मोजा काढला, सावकाश, दुसरीकडे पाहत. अंगठ्याशेजारचं बोट काळपट पडलं होतं. वास आला. ताईने पदर तोंडाला लावला. ती आत जाऊन त्यांच्या चपला घेऊन आली, मग पायाकडे पाहून तिने त्या परत आत ठेवल्या.

रिक्षा येईपर्यंत भाऊजींनी कपाटातून मशीन काढून माझ्या हातात दिलं. त्यात जुने आकडे राहतात, हे त्यांना माहीत होतं. पहिले तीन तेच होते, १६८, १६१, १७२. चौथ्या दिवशी २१४. मग २३८. मग २९१. त्यापुढे काही नाही. सोळा दिवस मशीनला हात लागला नव्हता.

"चवथ्या दिवशी वर गेला," ते म्हणाले. "म्हटलं, आजच्या दिवस कमी टाकतो, उद्या उतरनच. दुसऱ्या दिवशी अजून वर गेला. मंग कसा सांगू? तुनंच तर म्हटलं होतं, सगळ्याईले कळन म्हनून."

मी मशीन बंद केलं. मी त्यांना बोलणार होतो, ते सहा ओळींतलं सगळं मला पाठ होतं. विचारलं ते एवढंच.

"गोळ्या आहेत ना घरी?"

"हाव. फेकल्या नाई."

दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरने पाय पाहिला, मग आमच्याकडे पाहिलं. आठवडाभर आधी आले असते तर, असं त्याने सुरू केलं आणि ताईकडे पाहून वाक्य सोडून दिलं. ते मी मनात पूर्ण केलं. चौथ्या दिवशी ते बोट काढलं. पाय राहिला. इन्सुलिन सुरू झालं.

त्या चार दिवसांत भाऊजींचा आकडा ग्रुपवर आला नाही, आणि तो आला नाही हे ग्रुपवर कोणी विचारलंही नाही. चिमण्या, टॉवर, अटक, सुप्रभात. काकूला मी पहिल्याच रात्री फोन करून सांगितलं होतं, काकू, काढा बंद कर, गोळी घे. ती म्हणाली, "तुले तं जवाईबापूचं पटतच नाई कधी. त्याईचा एकशेएक आला ना बाप्पा आज सकाळीच." भाऊजी दवाखान्यात आहेत, एवढंच मी सांगितलं. का, ते सांगितलं नाही. ते सांगणं माझं काम नव्हतं, असं मला वाटलं. त्याबद्दल अजूनही मला खात्री नाही.

बोट काढल्यानंतर दोन दिवसांनी मी दवाखान्यात त्यांच्याजवळ बसलो होतो. ते बराच वेळ फोनवर काहीतरी लिहीत होते. एका बोटाने लिहितात, अक्षर शोधत. मला वाटलं, कोणाला तरी निरोप देत असतील. मग माझा फोन वाजला.

ग्रुपवर भाऊजींचा मेसेज होता. "आजची साखर २६३. गोळी आणि सुई चालू आहे. पायाचं एक बोट काढलं. चवथ्या दिवसापासूनचे आकडे मी मनानं टाकले होते. काढा कोनी घेऊ नका."

ते छताकडे पाहत पडले होते. मी फोन खिशात ठेवला. नर्स आली, तिने मनगट धरून घड्याळाकडे पाहिलं.

ग्रुपवर संध्याकाळपर्यंत एकही उत्तर आलं नाही. अंगठा नाही, हात जोडलेले नाहीत. इतका शांत तो ग्रुप मी कधी पाहिला नव्हता. मग सातच्या सुमारास कोणीतरी नव्या फोनच्या बॅटरीबद्दल काही पाठवलं आणि पुन्हा सुरू झालं.

भाऊजी आता रोज सकाळी आकडा टाकतात. मी सांगितलेलं नाही. २४१, २५८, २१९, २२६, १९७. मी ते वहीत उतरवत नाही, नुसते वाचतो. ताई पुन्हा रोज पाय पाहते.

काकूने गोळी सुरू केली, असं तिची सून म्हणते. मी स्वतः पाहिलेलं नाही. येत्या रविवारी दर्यापूरला जाईन म्हणतो.