एक ते चारमधला अर्धा तास

लेकीचा चष्मा तुटला त्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "आई, मला शाळा बदलून दे." रडली नाही, म्हणून मी जास्त घाबरले. सातवीत आहे ती. शाळेमागच्या गल्लीत नववीतल्या एका उंच मुलीने तिला भिंतीवर ढकललं होतं, आणि बाकीच्या पोरी गोल करून बघत उभ्या होत्या.

नारायण पेठेतल्या त्याच गल्लीत माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. हे सगळं माझ्या दुकानासमोर झालं आणि मी तिथे नव्हते, याचाच मला जास्त संताप आला. सकाळची शाळा एकला सुटते आणि आमची गल्ली एकला बंद होते. एक ते चारवरून बाहेरगावचे लोक विनोद करतात. आम्ही ते ऐकून घेतो आणि झोपतो. सगळी शटरं खाली, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मारामारीला याहून सोयीची जागा कुठे मिळणार?

मुख्याध्यापिका बाईंनी पालकांना आणि गल्लीतल्या दुकानदारांना शाळेत बोलावलं.

"फाटकाच्या आत मी आहे," बाई म्हणाल्या. "बाहेर आपण सगळे आहात. पण नेमके एकला आपण नसता."

"म्हणजे आता आमच्या झोपेची वेळही शाळाच ठरवणार," गिरणीवाले काका म्हणाले. सगळे हसले. मी तुटका चष्मा पर्समधून काढून टेबलावर ठेवला, तेव्हा हसणं थांबलं.

तरी पडलो पुणेकर. पहिला उपाय म्हणून आम्ही पाटी लावली. 'येथे मारामारी करू नये. शेजारच्या गल्लीतही करू नये.' दुसरं वाक्य काकांनी आग्रहाने घालून घेतलं होतं. मुलं पाटी मोठ्याने वाचायची, अक्षराचं कौतुक करायची आणि तिच्याखालीच भिडायची.

मग मुकाट्याने पाळ्या लावल्या. रोज दोन दुकानं दीडपर्यंत उघडी, आणि पालकांपैकी कोणीतरी खुर्ची टाकून बसलेलं. माझी पाळी असो नसो, मी लेकीला आणायला फाटकाशी जायचेच. ती माझा हात धरून, खाली मान घालून चालायची. वर्गातल्या मुली बघत असायच्या, तरी हात सोडायची नाही.

सुरुवातीला आम्ही नुसते ओरडायचो. पोरं पांगायची आणि पलीकडच्या बोळात जाऊन राहिलेलं भांडण पुरं करायची. युक्ती सापडली ती काकांना, आणि तीही चुकून. गिरणीसमोर दोन मुलांनी एकमेकांची कॉलर धरली होती. काकांचे हात पिठात, पिशवी धरायला कोणी नाही. ते वैतागून म्हणाले, "अरे, आधी इकडे या. दोघं मिळून ही पिशवी धरा. पीठ सांडलं तर झाडायला लावीन." दोघांनी पिशवीचं तोंड धरलं. हात असे अडकल्यावर मारणार कशाने? पिशवी भरेपर्यंत दोघांच्या नाकाला पीठ लागलं होतं, आणि एकाला दुसऱ्याचं नाक बघून हसू फुटलं.

तेव्हापासून गल्लीत सगळ्यांकडेच कामं निघायला लागली. कोणी खोका उचलायला लावायचं, मी टेपचं दुसरं टोक धरायला द्यायचे. हात गुंतले की मग हळूच विचारायचं, जेवलास का, घरी कोण आहे. जे बाईंच्या कानावर घालण्यासारखं असेल ते घालायचं.

एका दुपारी ती उंच मुलगी माझ्या पायरीशी एकटीच उभी होती. मला तिला हाक मारायची नव्हती, खोटं कशाला बोलू. पण पाळी माझी होती. अस्तराचं कापड घडी करायला तिच्या हातात टोकं दिली.

"घरी कोण असतं गं?"

"चारपर्यंत कोणीच नाही. किल्ली आईकडे असते." कापडाची टोकं जुळवत म्हणाली, "तुमच्या मुलीने मला खांब म्हटलं होतं. सगळ्यांसमोर, रोज."

हे आमच्या कन्यारत्नाने घरी सांगितलं नव्हतं. मुख्याध्यापिका बाईंनी दोघींना आणि दोघींच्या आयांना समोरासमोर बसवलं. माफी मागितली गेली, तोंडं वाकडी करूनच, पण दोन्ही बाजूंनी. घरी कुलूप असणाऱ्या मुलांसाठी बाईंनी एक वर्ग चारपर्यंत उघडा ठेवला. गल्लीतली भांडणं अजून होतात, पण गोल करून बघणारे आता काकांना हाक मारायला धावतात.

गेल्या आठवड्यात बूट घालताना लेक म्हणाली, "आज न्यायला येऊ नकोस. मी येईन."

एक वाजला. मी टेप गळ्यात अडकवून दुकानाच्या दारात उभी राहिले. पाय फाटकाकडे ओढ घेत होते, ते तिथेच रोवले. मुलांचा लोंढा आला. त्यात ती मैत्रिणींशी तावातावाने काहीतरी बोलत चालली होती, मान वर करून, नव्या चष्म्यातून. दुकानावरून जाताना तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. इतकं बरं मला कित्येक दिवसांत वाटलं नव्हतं.