चारुताला विचारायचं राहिलं

माझी शेजारीण चारुता रामटेके बासष्ट वर्षांची आहे. इथे अमेरिकेत, शुगर लँडमध्ये, अठ्ठावीस वर्षं तिने फार्मसीत काढली. नवरा गेला, ती रिटायर झाली, आणि घरात बसून भिंतींकडे बघायला नको म्हणून लायब्ररीतल्या एका वर्गाला जायला लागली. विषय होता, एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये लग्नं कशी जुळत. तिथला एसी चांगला आहे, एवढंच कारण तिने मला दिलं.

त्याच वर्गात ज्ञानदेव मेश्राम होते. नागपूरचे, रिटायर्ड केमिकल इंजिनियर, विधुर. त्यांनी विषय फारच मनावर घेतला. तिकडची रीत अशी, की पुरुषाने बाईच्या घरी पंधरा मिनिटंच बसायचं, हॅट हातात धरून, आणि खोलीत तिसरं माणूस हवंच. झालं! दर रविवारी अकराला मेश्राम यायचे, "जयभीम" म्हणून सोफ्याच्या कडेला टेकायचे, बेसबॉलची टोपी गुडघ्यावर. तिसरं माणूस मी. भर जुलैत दोन घरं ओलांडून जायची आणि लसूण सोलत बसायची, कारण नुसतं बसणं मला जमत नाही. हवेवर बोलणं व्हायचं. हवा गरमच असायची.

चार महिन्यांनी चारुता रविवारी दहापासूनच खिडकीशी घुटमळायला लागली. ती हो म्हणायला तयार होती. फक्त त्यांनी विचारायचं होतं.

आणि मेश्रामांनी विचारलं. मिहीरला. म्हणजे चारुताच्या मुलाला, सनीव्हेलला फोन करून. मुलीच्या वडिलांची परवानगी घ्यायची असं वर्गात शिकवलं होतं. वडील हयात नाहीत, म्हणून मुलगा. मिहीर मीटिंगमध्ये होता. "शुअर अंकल, गो फॉर इट," म्हणाला. रविवारी मेश्राम पेढे घेऊनच आले.

"मिहीर हो म्हणालाय," त्यांनी जाहीर केलं.

चारुताचा चेहरा बघून मी सुरी खाली ठेवली.

"विधवेला कुणाची परवानगी लागायची नाही," ती म्हणाली. "ती स्वतःची मालकीण. तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं त्या आठवड्यात शिकवलं ते." मग तिचा आवाज चढला. "माझं पहिलं लग्न बाबांनी पोस्टकार्डावर ठरवलं. मी कॉलेजात प्रॅक्टिकल करत होते. आता मुलाने मीटिंगमध्ये ठरवलं. मला कोण विचारणार?"

मेश्राम गोरेमोरे होऊन उभे राहिले. "चुकलं माझं," म्हणाले, आणि माझ्यादेखत त्यांनी तिला विचारलं, लग्न कराल का म्हणून.

"विचार करून सांगते," चारुता म्हणाली आणि पेढ्यांचा बॉक्स त्यांच्या हातात परत दिला.

नऊ दिवस झाले. मेश्रामांचे मला रोज दोन फोन. शेवटी मी चिडून तिच्याकडे गेले.

"अगं, नाही म्हणायचं तर नाही म्हण. त्या माणसाला टांगून काय ठेवलंयस?"

"हो म्हणायचंय. पहिल्या दिवसापासून," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पण शीला, माझ्या होकारासाठी कुणीतरी थांबलंय, हे आयुष्यात पहिल्यांदाच होतंय गं. अजून एक दिवस थांबू दे त्यांना."