शेगडीची जागा
दगडी कोळशाच्या धुराचा वास आला की मला कोलकात्यातली आमची गल्ली आठवते. सत्तरच्या सुमारास, पाच वर्षे नंबर लावून मला स्कूटर मिळाली होती. दारासमोरच्या सावलीत ती ठेवावी, तर शेजारची सून रोज सकाळी तिथेच शेगडी पेटवायला आणी आणि सीटवर काजळी धरे. तिथे वहिनीला बौदी म्हणत. शेवटी मी टेप लावून दाखवले, "बौदी, ही जागा आमच्या दारापासून चार फूट, तुमच्यापासून अकरा." ती म्हणाली, "दादा, गाडी सरकेल. सासूबाईंचा दमा कुठे सरकवू? इथून धूर त्यांच्या खिडकीत जात नाही." मी स्कूटर उन्हात नेली. संध्याकाळी म्हातारीने खिडकीतून हाक मारली, "बाबा, गाडीला ऊन लागतं का रे?" पुढे कितीतरी गल्ल्यांत गाडी लावली, असे कोणी विचारले नाही.