धरणावरचं इंग्रजी

पळसदरीजवळच्या शाळेत मी इंग्रजी शिकवायचे. मुलांना बोलतं करण्यासाठी मी चमकत्या चांदण्यांचे स्टिकर आणले होते. एक वाक्य बोललं की एक चांदणी. दोन महिने झाले तरी पाकीट भरलेलंच होतं. डोंगरावरच्या वाडीतून येणारी पाचवीतली एक मुलगी तर तोंडच उघडत नसे.

एका रविवारी ती मला धरणापाशी आईसोबत काकड्या विकताना दिसली. मुंबईच्या पाहुण्यांना ती बिनधास्त सांगत होती, "मॅडम, टेस्ट फर्स्ट! व्हेरी फ्रेश! नो केमिकल!"

मी थक्क झाले. "अगं, मग वर्गात का बोलत नाहीस?"

"बाई, वर्गात काय इकायचं हाय?"

सोमवारी मी वर्गात बाजार मांडला. तिनं मला माझीच छत्री इंग्रजीतून विकली.