प्रतीक्षा साइड देते

हुमनाबादच्या गुंडाप्पाला हायवेवरचे ड्रायव्हर 'साइडवाला' म्हणत. मागून कुणी हॉर्न वाजवायचा अवकाश, याची लॉरी डावीकडं सरायची आणि उजवा हात खिडकीबाहेर निघायचा, जा बाबा, पुढं जा. घाई करणारे शेवटी ढाब्यावर भेटतातच, असं त्याचं म्हणणं. क्लीनर वैतागायचे, पण गुंडाप्पाचं रक्त काही तापायचं नाही.

अशा माणसाच्या पोटी प्रतीक्षा जन्मली. आजोळी मंठाळला गेली की बैलगाडीवर चढून पहिलं काय, तर कासरा मागायची.

२००९च्या उन्हाळी सुट्टीत ती हट्टानं बापाच्या केबिनमध्ये बसली. लॉरीत जुने टायर भरलेले. ते हैदराबादबाहेरच्या एका कार्टिंग ट्रॅकवर कडेनं रचायला हवे होते. तिथं वळणावळणाच्या रस्त्यावर जमिनीला टेकलेल्या चिमुकल्या गाड्या गुरगुरत पळत होत्या, आणि चालवणारी सगळी शाळकरी पोरं.

"अप्पा, ही लेकरं गाडी चालवायल्यात. मग मी कामून न्हाई?"

तिथं पोरांना गाडी शिकवणारे यूसुफभाई हसले आणि तिचे पाय पेडलला पोचतात का ते बघितलं. पोचत होते. हेल्मेटात वेण्या मावेनात, म्हणून तिनं त्या सोडूनच टाकल्या. पहिल्याच वळणाला ती थेट बापानं आणलेल्या टायरांत घुसली आणि खिदळत बाहेर आली.

"डर नै है बच्ची में," यूसुफभाई म्हणाले. "इतवार कू लाया करो, मियां. गाडी हमारी."

मग गुंडाप्पा रविवारी हैदराबादचा माल मिळावा म्हणून खटपट करू लागला. बायको रूपा कुरकुरली, पण पोर शाळेतही खुशीनं जायला लागली, तेव्हा गप्प बसली.

हिवाळ्यात लहान मुलांची शर्यत ठरली. झेंडा पडला आणि प्रतीक्षा सुसाट निघाली. चक्क तिसरी. तेवढ्यात मागं एक लाल गाडी गुरगुरली. प्रतीक्षानं गाडी डावीकडं घेतली, हात बाहेर काढला आणि ऐटीत हलवला. लाल गाडी गेली. मग निळी गेली. मग उरलेल्या सगळ्याच गेल्या. शेवटचा नंबर काढून ती समाधानानं उतरली.

"छोटी, सबकू रस्ता कायकू दी?"

"पीछेसे आवाज आया तो साइड देना पड़ता. अप्पा वैसाच करते."

यूसुफभाईंनी गुंडाप्पाकडं बघितलं. गुंडाप्पा टायरांकडं बघत राहिला.

परतीच्या वाटेवर चहाला थांबल्यावर त्यानं विषय काढला. "साइड रस्त्यावर द्यायची, बाळा. ट्रॅकवर न्हाई."

"कामून?"

"रस्त्यावर ज्येला त्येला आपल्या घरी जायचं असतंय. तितं सगळ्यास्नी एकाच जागेवर जायचंय."

प्रतीक्षानं बिस्कीट चहात बुडवून विचार केला. "म्हंजे यष्टीत जागा धरायल्यावानी?"

"व्हय. तसंच."

हुमनाबादच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात प्रतीक्षाचा हात कुणी धरला नसता. पुढच्या शर्यतीत ती ट्रॅकच्या मधोमध अशी बसली, की मागचा लाल गाडीवाला पोरगा फेरीमागून फेरी नुसता गुरगुरत राहिला. त्या दिवशी रूपाही आली होती. पदर डोळ्यांवर घेऊन ती दर वळणाला विचारायची, "आली का आपली?" गुंडाप्पाला उत्तर द्यायला सवड नव्हती. ट्रॅकच्या कडेची जाळी दोन्ही हातांनी धरून तो उजवा पाय मातीत दाबत होता, जोरात, अजून जोरात. चपलेचा अंगठा तुटला तेव्हा त्याला कळलं.

प्रतीक्षा चौथी आली. चौथ्याला कप नसतो. लाल गाडीवाल्याच्या वडिलांनी तक्रार केली की ही मुलगी वाटच देत नाही, तेव्हा यूसुफभाईंनी त्यांना अदबीनं सांगितलं, "पहले देती थी, जनाब."

रूपानं पोरीला डोक्यापासून पायांपर्यंत चाचपलं आणि यूसुफभाईंकडं वळली. "भाईसाब, सीट लई टणक है. नीचे कुछ डाले तो चलता क्या?"

चालतं म्हणाले. महिनाभरानं प्रतीक्षा आईच्या जुन्या इरकली लुगड्याच्या जाड घडीवर बसून ट्रॅकवर उतरली, आणि रूपा जाळीशी सगळ्यांच्या पुढं उभी होती.