चीवरातला नट

आम्ही दोघं उस्मानपुऱ्यातल्या एकाच गल्लीत वाढलो. शाळेत असताना दुपारी केबलवर हिंदीत डब केलेले मारधाडीचे परदेशी सिनेमे लागत. गोष्ट बहुधा एकच असे. डोंगरातल्या मठातला भिक्खू जुनी पोथी घेऊन मोठ्या शहरात येतो, काचेच्या इमारतींवरून उड्या मारतो, डोळे मिटून मंत्र म्हणतो आणि गोळ्या हवेत थांबतात. आमच्या घरांतही भिंतीवर बुद्धाचा फोटो होता आणि रविवारी विहारात वंदना असे, पण गोळ्या थांबवणारा बुद्ध आम्हाला कुणी सांगितला नव्हता. धम्मात चमत्काराला जागा नाही, असंच शिकवलं होतं. तरी आम्ही ते सिनेमे चुकवत नव्हतो. शाळेत आमचा धर्म कळला की समोरचा जरा गप्प होई. पडद्यावर त्याच धर्माचा माणूस वीस जणांना लोळवत होता.

पुढं मी वर्तमानपत्रात लागलो आणि माझा मित्र कराटे शिकवू लागला. विहाराच्या समितीनं त्याला सकाळच्या वर्गासाठी सभागृह दिलं होतं. दोन वर्षांपूर्वी त्यानं स्वतःचा सिनेमा करायला घेतला, चाळीस मिनिटांचा. बिडकीनजवळ नव्यानं आखलेल्या रुंद, मोकळ्या रस्त्यांवर एक भिक्खू येतो आणि खोदकामात सापडलेली मूर्ती दलालांपासून वाचवतो. संवाद मी लिहिले. आमच्या भिक्खूपुढं गोळ्यांऐवजी काठ्या थांबत. भूमिका तोच करणार होता. त्यानं डोकं तुळतुळीत केलं आणि टेलरकडून भिक्खूंचं वस्त्र, चीवर, शिवून घेतलं.

पडेगावात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत हाणामारीचा प्रसंग चित्रित करत होतो. सकाळचं काम संपवून तो चीवरातच लिंबाखाली बसला होता.

"भंतेजी, एक लाथ मारून आशीर्वाद द्या की," कॅमेरावाला म्हणाला.

"समाधीत हाय मी. भजी सरकव इकडं."

भजी त्याच्यापर्यंत पोचायच्या आत समोरच्या घरातून एक म्हातारी बाई आली. तिनं चपला काढल्या, रस्त्याच्या धुळीत गुडघे टेकले आणि तीनदा वंदन केलं. त्यानं हात वर केला आणि म्हणाला, "सुखी होतु." हा संवाद मी लिहिलेला नव्हता. लहानपणापासून भंतेंच्या तोंडून ऐकलेलं वाक्य त्याच्या तोंडून निघून गेलं.

"माझे मालक गेले, दीड महिना झाला," ती म्हणाली. "नव्या घरात एका भंतेला जेवू घालायचं म्हणत होते. राहून गेलं. चला भंतेजी, साडेअकरा झालेत. तुमाला बाराच्या आत जेवायचं असतंय. सैपाक तयार हाय."

भिक्खू दुपारनंतर जेवत नाहीत. तिला घाई होती ती त्यासाठी. त्यानं माझ्याकडं पाहिलं. आजी, हा नट आहे, एवढं मी म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी घड्याळात पाहिलं.

घर दोन खोल्यांचं होतं, भिंतींना रंग लागला नव्हता. तिनं शेजारच्या तिघी बायांना बोलावून घेतलं. त्याला पांढऱ्या चादरीवर बसवलं, समोर नवऱ्याचा फोटो ठेवला आणि पंचशील मागितलं. पंचशील आमच्यापैकी प्रत्येकाला पाठ असतं. त्याचा आवाज चांगला आहे. तो एकेक शील म्हणत होता आणि बाया त्याच्यामागून म्हणत होत्या. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथं तो थांबला.

"पाणी देऊ का भंतेजी?" म्हातारीनं विचारलं.

त्यानं मान हलवली आणि ते शीलही दिलं. मग भाकरी, वांग्याचं कालवण, वरणभात. तो जेवेपर्यंत ती हात जोडून उभी होती. त्या दिवशी पुढचं चित्रीकरण त्यानं केलं नाही.

सिनेमा मात्र पूर्ण झाला. त्याच्या वर्गातल्या पंधरा-वीस जणांनी त्यात काम केलं होतं. येत्या रविवारी सकाळी विहारात दाखवायचा आणि त्याच दिवशी इंटरनेटवर टाकायचा, असं ठरलं. गुरुवारी तो आमच्या कार्यालयाच्या कँटीनमध्ये आला.

"आधी त्या आजीला सांगावं लागंल."

"तिचं समाधान झालंय. कशाला मोडतो?"

"उद्या मोबाईलवर दिसलो तर?"

"आमच्याकडं चूक झाली की आतल्या पानावर खुलासा छापतात. इथं चूक कुणाच्या लक्षातच आलेली नाही."

"म्हणजे लक्षात आली तरच छापता व्हय तुम्ही?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पडेगावला गेलो. त्याचे केस वाढले होते. ती शेंगा सोलत ओट्यावर बसली होती. तिनं त्याला ओळखलं नाही, मला ओळखलं. त्यानं उभ्यानंच सगळं सांगितलं.

"चीवर कुणी दिलं होतं?" तिनं विचारलं.

"टेलरनं शिवलं."

"अन् शिनेमात काय करतो चीवर घालून?"

"मारामारी."

तिनं शेंगांचं सूप बाजूला ठेवलं. "शीलं तर बरोबर म्हणला तू." मग पदरावरची टरफलं झटकत, "मालकाचं मग राहिलंच की."

ती आत गेली. आता ती बाहेर येणार नाही असं वाटलं, पण ती पाण्याचे दोन पेले घेऊन आली.

"प्या अन् जा. रविवारी सकाळी खऱ्या भंतेला बोलावते. तू यायचं. खाली बसायचं, समद्यांत."

"आजी, रविवारी सकाळी..." मी म्हणालो.

"येतो," तो म्हणाला. रस्त्यावर आल्याआल्या त्यानं समितीला फोन करून सिनेमाचा कार्यक्रम रद्द केला. कारण त्यानं खरं तेच सांगितलं. सभागृहातल्या कराटेच्या वर्गाचं काय करायचं ते बैठकीत ठरवू, असं उत्तर मिळालं.

रविवारी त्या दोन खोल्यांत तीसेक माणसं होती. चादरीवर वयस्कर भंते बसले होते. विधी सुरू होण्याआधी म्हातारी उभी राहिली.

"मागल्या टायमाला मी ज्याला जेवू घातलं तो भंते नव्हता. मी इचारलं नाही. चूक माझी हाय."

"कोण होता तो हरामखोर?" तिचा पुतण्या ओरडला.

माझा मित्र उठला. "मी होतो."

पुतण्यानं त्याला छातीवर हात मारून ढकललं. तो दोन पावलं मागं गेला. त्याला अडवता आलं असतं. त्यानं हात खालीच ठेवले. दुसऱ्यांदा ढकललं, तेव्हा तो भिंतीवर आदळला.

"बसा दोघं," भंते म्हणाले. "शील घ्यायचंय."

दोघं बसले. त्या दिवशी त्याच्यासोबत आणखी एक जण होता, हे आम्हा दोघांखेरीज तिथं म्हातारीला आणि त्या तिघी शेजारणींनाच माहीत होतं. ती माझ्याकडं पाहत उभी होती. खोली शांत झाली होती आणि बोलायला तेवढा वेळ पुरेसा होता. मी मांडी नीट घातली आणि खाली पाहिलं. मग ती भंतेंकडं वळली आणि तिनं हात जोडले.