पेटीच्या भिंतीची जाडी

तीन आठवड्यांपूर्वी आमच्या बारावीच्या वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर जाधव सर गेल्याचा निरोप आला. श्रद्धांजलीच्या ओळी सुरू झाल्या. एकाने लिहिले, ‘कधीही न चुकणारे सर.’ दुसऱ्याने खाली लिहिले, ‘एकदा सोडून’, आणि पुढे हसरा चेहरा. त्या एका वेळीही सर चुकले नव्हते. चूक माझी होती.

सर बोर्ली पंचतनचे. दिघीच्या बोटीने खाडी ओलांडून ते रोज मुरुडला भौतिकशास्त्र शिकवायला येत. उष्णतेचा धडा ही त्यांची खासियत. रुळांमधली फट, तापवलेले कडे ही पुस्तकातली उदाहरणे झाली की ते कोळीवाड्याकडे वळत. मासळीच्या पेटीतला किती बर्फ दिवसभरात वितळेल? सूत्र लिहिण्याआधी प्रत्येकाने अंदाज सांगायचा आणि उत्तर त्या अंदाजाशी ताडून पाहायचे, हा त्यांचा नियम. एकक विसरलेल्या उत्तराला शून्य गुण. तक्रार केली तर विचारत, “नऊ म्हणजे काय? नऊ माणसं, की नऊ नारळ?”

या काटेकोरपणाला कारण होते. सर बौद्धवाडीतले, घरातले पहिले पदवीधर. ते रुजू झाले तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक जण त्यांना ऐकू जाईल असे बोलला होता, “सवलतीतले आहेत. बघू किती टिकतात.” सरांनी हे मला एकदाच सांगितले, आवाज न चढवता... त्यानंतर वर्षानुवर्षे त्यांनी फळ्यावर चूक होऊ दिली नाही.

पुढे मी वर्तमानपत्रात लागलो. परीक्षा पुरवणी माझ्याकडे आली तेव्हा सोडवलेली उदाहरणे मी सरांकडूनच मागवली. त्यांनी पेटीचे गणित पाठवले. भिंतीची जाडी ०.०५ मीटर. पुरवणीत दशांश चिन्हे शक्यतो टाळायची, असा आमच्याकडे दंडक होता. मी मीटरचे सेंटीमीटर केले आणि पाचाऐवजी ५० लिहिले. उत्तर सरांचेच राहिले. वर त्यांचे नाव आणि छायाचित्र.

कोळीवाड्यात माझे काका वाचून हसले. “अर्धा मीटर भिंत व्हय? मग मावरं काय डोक्यावर ठेवायचं?” शिक्षकांच्या खोलीत ते कात्रण सूचनाफलकावर लागले. त्यावर कोणीतरी पेन्सिलीने एकच शब्द लिहिला होता: सवलत.

सर एसटीने आमच्या कार्यालयात आले. त्यांनी हस्तलिखिताची प्रत माझ्यापुढे ठेवली आणि दोन ओळींची दुरुस्ती मागितली. त्या महिन्यात बारावीचा वर्ग कोणाकडे राहणार हे ठरायचे होते, एवढेच सांगितले. दुरुस्तीसाठी संपादकांकडे गेलो असतो तर चूक कोणाची हे सांगावे लागले असते, आणि मी नोकरीत नवा होतो. मी म्हणालो, “सर, एवढं कोण बघतं?”

“ज्यांना बघायचं होतं त्यांनी बघितलं रे,” ते म्हणाले. कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि परतीच्या गाडीला गेले.

दुरुस्ती छापली गेली नाही. बारावीचा वर्ग दुसऱ्याला मिळाला, कारण म्हणून ते कात्रण पुढे करण्यात आले. निवृत्तीपर्यंत सरांनी अकरावीच शिकवली. त्यानंतर मला भेटले तेव्हा त्यांनी हा विषय कधी काढला नाही. मीही काढला नाही.

गेल्या रविवारी बोर्लीला त्यांच्या घरी गेलो. त्यांची मुलगी वैशाली होती. पडवीत थर्माकोलची एक जुनी पेटी दिसली. आता त्यात तांदूळ ठेवतात. वैशालीने झाकण उलटे करून दाखवले. आतल्या बाजूला सरांचे अक्षर होते.

“वर्ग गेल्यावर बाबांनी बर्फ आणला, मोजून भरला, दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला,” ती म्हणाली. “दाखवायला कोणी नव्हतं. मग मला बोलावलं.” झाकण हातात धरूनच म्हणाली, “चूक कोणाची होती, ते मात्र कधी सांगितलं नाही.”

मी सांगितले... तिने झाकण माझ्या हातात दिले. मग म्हणाली, “तर मग छापा ते.”

झाकणावर आहे ते असे: भिंत ०.०५ मीटर. बाहेर ३० अंश, आत शून्य. वेळ २४ तास. गणिताचे उत्तर ९.३ किलो. प्रत्यक्ष वितळलेला बर्फ ९ किलो.

हा मजकूर पानात लावणाऱ्या सहकाऱ्याला सांगून ठेवले आहे, दशांश चिन्हे काढू नयेत.